तिसऱ्या नंबरची देवी

टण्ण.

दुपारचं घर गप्प होतं. धाकटा शार्दूल नुकता झोपला होता, आणि त्याची आई अनुपमा त्याला थोपटता थोपटता स्वतःच पेंगत होती. त्या शांततेत फ्रिजला नेहमीसारखी हुडहुडी भरली आणि त्याच्या माथ्यावरून मी फरशीवर पडले. तो आवाज माझा.

मित्रांनो, मी एक कांस्यपदक आहे. वयाने पन्नाशीचं आणि नंबराने तिसरं. दुबईच्या अल मनखूलमध्ये, जिथे पंखासुद्धा गरम वारा फेकतो, तिथे बर्फावरच्या शर्यतीचं पदक काय करत होतं, असं तुम्ही विचाराल. सांगते.

माझा जन्म युरोपातल्या एका डोंगराळ गावातला. तिथे त्या वर्षी आंतरराष्ट्रीय हिवाळी स्पर्धा भरल्या होत्या. एकाच साच्यातून आम्ही तिघी बहिणी निघालो. थोरलीला सोन्याचा मुलामा मिळाला, मधलीला चांदीचा. मला काहीच नाही, मी आपली होते तशीच. आमच्या तिघींच्या अंगावर चित्र मात्र एकच. गुडघे वाकवलेली एक तरुणी, पायाखाली दोन लांब घसरपट्ट्या, दोन्ही हातांत एकेक टोकदार काठी. हे चित्र नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यानेच केला.

शर्यतीच्या दिवशी इतकं धुकं पडलं, की धडधाकट मुली कापसाच्या गाठोड्यांसारख्या गडगडत गेल्या. धड उभ्या अशा तिघीच खाली पोचल्या. तिसरी होती गावातल्या बेकरीवाल्याची मुलगी. तिच्या गळ्यात मी पडले. बँड वाजला, बेकरीच्या काचेत तिचा फोटो लागला. मग तिचं लग्न झालं, ती मिसेस लिंडर झाली, आणि मी गेले खणात. तिथे बटणं, सुया आणि एक चावी होती. ती चावी कशाची, ते कुणालाच आठवत नव्हतं. आम्ही सगळे मिळून काळवंडत राहिलो.

पुढे लिंडरबाईंच्या मुलाला दुबईत मोठाल्या इमारती गार करण्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्याच्यामागून त्याही आल्या. शेजारच्याच फ्लॅटमध्ये अनुपमा आणि प्रकाश राहत होते. त्यांची मोठी मुलगी ईशानी हिला शाळेत खेळांबद्दल काहीतरी घेऊन जायचं होतं, म्हणून लिंडरबाईंनी मला तिच्या हातात ठेवलं आणि त्या मस्कतला लेकीकडे गेल्या. ईशानीने मला परतही आणलं. पण शार्दूलने माझी रिबन चघळून चोथा केली. अनुपमाने ती धुऊन बाथरूममध्ये वाळत टाकली आणि मला, हरवू नये म्हणून, फ्रिजवर ठेवलं. त्या घरात जे जपायचं ते सगळं फ्रिजवर असायचं. थर्मामीटर, पासपोर्टच्या झेरॉक्स, मी.

तर अशी मी पडले, आणि मला उचललं सुलभाआजींनी.

आजी म्हणजे प्रकाशच्या आई. त्या व्हिजिट व्हिसावर साताऱ्याहून आल्या होत्या. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेल्या कुलदेवतेच्या छोट्या मूर्ती, थोरल्या दिरांकडे गेले होते. ते दुःख आजींनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण इथे मुलाकडे पूजा करतानाही त्यांचा हात देव्हाऱ्यात टाकासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर थबकायचा. आता त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, पदराने पुसलं आणि डोळ्यांजवळ धरलं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "टाक. आणि फ्रिजवर ठेवलाय."

अनुपमा उठून बाहेर आली तोवर चिंचेने घासून, गरम पाण्याने धुऊन, हळदकुंकू लावून माझी स्थापना झाली होती. एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला बाळकृष्ण, मध्ये मी.

"आई, ते खरं म्हणजे..."

"काही बोलू नकोस. तुला माहीत नसेल, तुझी चूक नाही. पण इतकी वर्षं मी वाट बघितली, आणि ती बघ, स्वतःहून उडी मारून आली."

संध्याकाळी प्रकाश ऑफिसमधून आल्यावर अनुपमाने त्याला बाल्कनीत ओढलं.

"अहो, तुम्ही सांगा आईंना."

"मी? तिचा चेहरा बघितलास का तू? मॅडम मस्कतला आहेत ना? त्या येईपर्यंत आईचा व्हिसा खलास. इन्शाल्ला सगळं सेटल होईल."

"आणि नाही झालं तर?"

"इन्शाल्ला म्हटलं ना मी."

मित्रांनो, मग माझे देवपणाचे दिवस सुरू झाले. रोज दुधाची आंघोळ, मधाचं बोट. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पुन्हा चिंच. कारखान्यातसुद्धा मला कुणी इतकं घासलं नव्हतं. मी अशी झळकायला लागले की सोन्याची वाटावी. जन्मभर तिसरी राहिलेल्या जिवाला पहिला शिरा मिळतो तेव्हा काय वाटतं, ते थोरलीला कळायचं नाही.

शारजातल्या रोल्ला भागातून ओळखीच्या मनोरमाकाकू हळदीकुंकवाला आल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी मला न्याहाळलं.

"कुठली हो ही देवी?"

"आमची," आजी म्हणाल्या.

"पायाखाली काय आहे?"

"दोन सर्प. सरळ झालेत, घाबरून."

"आणि हातात भाले. पण गुडघे का वाकवलेत?"

"झेप घेणार आहे ती आता."

टेबलाखालून ईशानी म्हणाली, "आजी, दोज आर स्की..."

"ईशानी, होमवर्क," अनुपमा म्हणाली.

आणि एका सकाळी बेल वाजली. दारात लिंडरबाई उभ्या, गळ्यात या गावात कुणी घालत नाही असा लोकरीचा मफलर. शर्यतीत पहिल्या आलेल्या सोनंवालीचा फोन आला होता, त्या धापा टाकत सांगू लागल्या. स्पर्धेला पन्नास वर्षं झाली म्हणून गावात सोहळा होता. तिघीही अजून हयात होत्या. बक्षिसाच्या त्याच पायऱ्यांवर तिघींनी आपापलं पदक घालून उभं राहायचं होतं. विमान आज दुपारचं. "माझं पदक कुठे आहे?"

अनुपमा दारातच आडवी उभी राहिली. पण घरात उदबत्तीचा वास होता आणि देव्हारा दारातूनच दिसत होता. लिंडरबाई पुढे आल्या. कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल, समोर वाटीभर शिरा.

"मी इथे काय जिंकले?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"काय म्हणतायत त्या?" आजी म्हणाल्या.

आता मात्र अनुपमाला सगळं सांगावंच लागलं. सांगताना ती सासूकडे बघत नव्हती, शार्दूलच्या बाहीशी खेळत होती. आजींनी वाकून मला पुन्हा निरखलं.

"म्हणजे ही बाई बर्फावरून घसरतेय?"

"हो आई."

"आणि त्याचं बक्षीस देतात?"

"हो."

"सर्प नाहीत?"

"नाहीत, आई."

मला वाटलं, आता आपण पुन्हा फ्रिजवर. आजी मात्र उठल्या आणि लिंडरबाईंकडे वळल्या. पन्नास वर्षांपूर्वी डोंगर उतरून आलेली ती पोर त्यांना दिसली असावी.

"पडली नाही का गं ही?"

अनुपमाने विचारलं. लिंडरबाईंनी मान हलवली. "बाकीच्या पडल्या, मी नाही."

"मग मी फार चुकले नव्हते," आजी म्हणाल्या. "पण जिची ती तिला द्यायला हवी. तशीच नको हं. तांदूळ आण."

त्यांनी माझ्यावर अक्षता टाकल्या, पुन्हा यायचं आमंत्रण दिलं आणि मला जागेवरून जरा हलवलं. मग लिंडरबाईंची ओटी भरायला घेतली. फ्रॉकला पदर कुठला, म्हणून त्यांनी मफलर पसरला. त्यात तांदूळ, खण, नारळ आणि वर मी. बाथरूममधून रिबन आली, इस्त्री होऊन. खालून वॉचमन जहूरची हाक आली, "मॅडम, टॅक्सी आ गया, यल्ला, चलो."

सोहळ्यात आम्ही तिघी बहिणी पन्नास वर्षांनी भेटलो. थोरलीचा मुलामा उडाला होता, मधली काळी पडली होती. मी एकटी लखलखत होते, अंगाला कापराचा वास. सोनंवालीने विचारलं, "अगं, तू कशाने घासतेस?" लिंडरबाई ऐटीत म्हणाल्या, "चिंचेने." ती तिथे मिळत नाही, त्यामुळे वाद तिथेच मिटला. मग तिघी म्हाताऱ्यांनी बक्षिसाच्या पायरीवरच नारळ फोडला. फोडला म्हणजे, सोनंवालीने बुटाने ठोकला.

मी आता पुन्हा खणातच जाणार होते. पण दुबईत परतल्यावर लिंडरबाईंनी आधी शेजारची बेल वाजवली. आजींचा व्हिसा महिनाभर वाढला होता. "माझ्याकडे ही खणात झोपते," लिंडरबाई म्हणाल्या. "इथे तिला रोज नाश्ता मिळतो. मी शेजारीच राहते, येऊन बघत जाईन."

मित्रांनो, जुन्या वस्तू कुणाच्या तरी हातात असू द्या. नावं चुकीची ठेवलीत तरी चालेल. फक्त घासताना अक्षरं तेवढी सांभाळा, माझ्या पाठीवर कोरलेलं अर्धं नाव चिंचेने खाल्लंय.

आजींनी मला मोकळ्या जागी बसवलं. देव्हाऱ्यातली ती जागा तशीच होती, वर रोजचं फूल. लिंडरबाईंना शिऱ्याची वाटी मिळाली. आजींना एक गोष्ट मात्र विचारायची राहून गेली होती.

"त्यांचा नंबर कितवा आला होता गं?"

"तिसरा," अनुपमा म्हणाली.

आजींनी समाधानाने मान हलवली. ईशानी देव्हाऱ्यापुढे मांडी घालून बसली. तिने गणपतीकडे बघितलं, बाळकृष्णाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मम्मा," ती म्हणाली, "इफ शी इज थर्ड, देन हू इज फर्स्ट?"

आजींनी शिऱ्याची एक वाटी लगेच गणपतीपुढे सरकवली.