बासष्टाव्या किलोमीटरवर

सासऱ्यांनी तिसऱ्यांदा सॅक पलंगावर पालथी केली आणि सून शर्यतीच्या शिदोरीसाठी उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं हातात घेऊन दारातच थांबली.

"बाबा, आता काय राहिलं?"

"काही नाही. वजन नीट बसत नाहीये."

दुपारचे तीन वाजत होते. कुंपणावरचा बर्फ सकाळपासून तसाच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डोंगरातली ऐंशी किलोमीटरची हिवाळी शर्यत सुरू होणार होती आणि सासरे तीत चौथ्यांदा धावणार होते. बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे वेड घेतलं. धावणाऱ्यांच्या गटात त्यांना 'डिझेल' म्हणत. तापायला वेळ लागतो, पण एकदा तापलं की थांबायचं नाव नाही. मागच्या वर्षी साठीच्या पुढच्या गटात ते तिसरे आले होते. त्या गटात होते चौघंच, हे ते स्वतःच हसत सांगत. तरी मुलानं त्यांचा त्या दिवशीचा फोटो ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

सून हॉस्पिटलात सिस्टर. सक्तीच्या सामानाची यादी तिनं कपाटाच्या दाराला चिकटवली होती आणि एकेका वस्तूपुढे खूण करत चालली होती. डोक्याला लावायचे दिवे दोन. त्यांच्या जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात, कारण थंडीत त्या मान टाकतात. पाण्याच्या बाटल्या उलट्या खोचायच्या, म्हणजे गोठलं तरी तोंडाकडचं पाणी पातळ राहतं. खजूर बारीक चिरून घ्यायचा, नाहीतर वर त्याचा दगड होतो. ब्रेडच्या पुड्यांचे कोपरे आधीच कापून ठेवायचे, कारण जाड हातमोज्यांनी कागद फाटत नाही. या सगळ्या क्लृप्त्या सासऱ्यांनीच तिला शिकवलेल्या. एरवी हे सांगताना त्यांच्या बोलण्याला ऊत यायचा. यंदा ते नुसते "हं" म्हणत होते.

तिनं पातेलं टेबलावर ठेवलं आणि सामान आवरायला वाकली.

"यादीत शिट्टी एक आहे. तुम्ही तीन काढल्यात."

"असू दे. कितीशी जड असते ती."

"आत्ताच म्हणालात, वजन बसत नाही."

त्यांनी एक शिट्टी उचलली. तिची दोरी हातमोज्याला बांधलेली होती. ती सोडवायला गेले, तर गाठ सुटेना. अंधारात नुसत्या स्पर्शानं बोल्ट ओळखणारी बोटं त्या एवढ्याशा गाठीवर घसरत राहिली.

सून पाहत होती. वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर तिला एक गोष्ट कळली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जो पेशंट पुन्हा पुन्हा उशी सरळ करतो, त्याची तक्रार उशीबद्दल नसते. ती तिथेच जमिनीवर बसली.

"बाबा, तुम्हाला जायचंय का?"

त्यांनी हातमोजा मांडीवर ठेवला.

"मागच्या वर्षी मी झोपलो होतो," ते म्हणाले.

"कुठं?"

"बासष्टाव्या किलोमीटरवर. एका दगडावर टेकलो. म्हटलं, दोन मिनिटं. मग थंडी वाजायचीच बंद झाली. इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू. एक बाई मागून आली, लाल टोपी घातलेली. तिनं हाका मारल्या म्हणे, मला एकही ऐकू आली नाही. शेवटी थोबाडीत दिली तिनं. मग पुढच्या, सहासष्टाव्या किलोमीटरच्या थांब्यापर्यंत हाताला धरून चालवत नेलं. स्वतःची वेळ घालवली बिचारीनं."

थंडी वाजायची बंद होते म्हणजे शरीर हार मानत चाललेलं असतं, हे सुनेला नीट ठाऊक होतं. तिनं हात नुसता पलंगाच्या कडेवर टेकवला.

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? घरी आलो तर तुम्ही हार घेऊन उभे. तुझा नवरा तर आल्यागेल्याला फोटो दाखवतोय. यंदा नाही म्हटलं असतं तर कारण विचारलं असतं त्यानं." त्यांनी शिट्टी पलंगावर टाकली. "आठ दिवस झाले, डोळा लागला की तो दगड दिसतो. तू एवढा घाट घातलास, सुट्टी काढलीस. आता माघार कशी घ्यायची?"

"बटाटे आपण घरीही खाऊ शकतो," सून म्हणाली.

सासरे आधी चमकले, मग खांदे हलेपर्यंत हसले. हसता हसता त्यांनी मोठा श्वास सोडला. वर्षभर छातीत धरून ठेवला असावा तसा.

फोन तिनंच लावला आणि त्यांच्या हाती दिला. संयोजकांकडच्या मुलीनं नंबर विचारला, यादीतून नाव काढलं, काळजी घ्या म्हणाली. फोन ठेवता ठेवता सासऱ्यांनी विचारलं, "सहासष्टच्या थांब्यावर माणसं पुरेशी आहेत का हो?"

पलीकडून उत्तर आलं. ते ताठ बसले.

"मी येतो. चहाबिहा करता येतो मला. आणि कोण झोपेला आलंय ते ओळखता येतं."

सून स्वयंपाकघरात गेली. तिथं तिनं उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

साडेचारला मुलगा आला. गाडीच्या चाकांना साखळ्या बसवून आणल्या होत्या. दारातच तो बूट काढू लागला. सासरे बाहेर आले आणि उभ्या उभ्याच त्याला सांगून टाकलं, मी धावत नाहीये. कारण सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण मुलगा नुसता "बरं" म्हणाला. त्याचा हात बुटाच्या नाडीवर तसाच थांबला होता.

"कारण नाही विचारणार?"

"लाल टोपीवाली बाई," मुलगा खाली बघत म्हणाला.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"चौसष्टला पायवाट रस्ता ओलांडते ना, तिथं मी गाडी लावून बसलो होतो. दुपारपासून. तुम्ही चारपर्यंत यायला हवे होतात. अंधार पडता पडता दिसलात, तिच्या हाताला धरून."

ऑफिसात काम आहे म्हणून हा एकाही शर्यतीला आला नव्हता. निदान तसं तो सांगायचा.

"मग हाक का नाही मारलीस?"

मुलानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. सावकाश, घाई नसल्यासारखी.

"चालत होतात ना तुम्ही," तो म्हणाला. "मी हाक मारली असती, तर थांबला असतात."

सासरे खाली त्याच्या शेजारी पायरीवर बसले. समोरच्या रस्त्यावर शेजारची बाई फावड्यानं बर्फ बाजूला सारत होती.

"उद्या मी सहासष्टच्या थांब्यावर असणार आहे," सासरे म्हणाले. "माणसं दोन कमी आहेत म्हणे."

"मग मला किती वाजता उठवाल?" मुलानं विचारलं.