कोरड्या गादीचा शब्द

"व्हेल्मा, चारही बोल्ट एका दमात आवळू नकोस. थोडा हा, मग त्याच्या समोरचा. पट्टी बसू दे, चिरडू नकोस."

थर्मनचा हा आवाज माझ्या छताखाली उमटला त्याला आता बरीच वर्षं झाली. थर्मन देवाघरी गेला. त्याची बायको व्हेल्मा आणि मी मागे राहिलो.

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. मोटारीमागे जोडून न्यायचं, चाकांवरचं लहानसं घर. अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात माझ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढला आणि थर्मननं मला जॉर्जियात आणलं. दर ऑगस्टला पाइनच्या राईत चर्चचा काही दिवसांचा भजनमेळावा भरतो, तिथे मी जायचो. माझ्या छतात मधोमध एक चौकोनी झरोका होता. थर्मननं तो काढला, त्या भोकाभोवती रबराची जाड पट्टी ठेवली, वर एसी बसवला आणि व्हेल्मानं आतून त्याचे चार बोल्ट आवळले. मग काय विचारता! दुपारी बायका हातपंखे हलवत माझ्या दाराशी यायच्या.

"व्हेल्मा, तुझ्या ट्रेलरात स्वर्ग आहे बाई!"

"स्वर्ग वर आहे. इथे नुसता गारवा आहे. बूट बाहेर काढा."

थर्मनच्या पश्चात मी अंगणातल्या पिकनच्या झाडाखाली नुसता उभा राहिलो. उन्हानं ती पट्टी पापडासारखी चपटी झाली आणि पावसाचं पाणी आत येऊ लागलं. तेव्हा थर्मनचा धाकटा भाऊ हॉइट फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी घेऊन आला. "वहिनी, काळजी सोडा. हा अक्सीर इलाज आहे," म्हणाला आणि एसीच्या कडेनं लिंपत सुटला. पुन्हा गळलं की पुन्हा थर. शेवटी माझ्या माथ्यावर जणू लग्नाचा केकच उभा राहिला.

गेल्या ऑगस्टला व्हेल्माची थोरली बहीण ओपल माझ्यात उतरली होती. तिची छाती अधू, उकाडा सोसत नाही. गारव्याशिवाय तिला मेळाव्याला राहणं शक्यच नाही. भर दुपारी ती पडली असताना छतातून गार पाण्याची धार तिच्या गळ्यावर आली. गादी भिजली, तिची छाती धरली, आणि मेळावा अर्ध्यावर टाकून तिला घरी न्यावं लागलं.

"रागावले नाही गं मी," ती धापा टाकत म्हणाली, "पण शेवटच्या दिवशीचं गाणं हुकणार."

"पुढच्या ऑगस्टला तुला कोरड्या गादीवर निजवीन, ताई. हा माझा शब्द."

बायबलचं पान वाचल्याशिवाय कॉफीला हात लावायचा नाही, हा व्हेल्माचा रोजचा नेम. शब्दही ती तसाच पाळते. यंदा मेळावा तोंडावर आला तसा हॉइट नवी नळी घेऊन हजर झाला.

"भाऊजी, थांबा. ताई भिजली त्या दिवशी पाऊस होता का?"

"छे, कडक ऊन होतं."

"मग पाणी कुठून आलं?"

हॉइटनं नळीकडे पाहिलं. "देवानं धाडलं असेल."

"देवावर ढकलू नका. एसी चालू होता."

अगदी खरं होतं ते, मित्रांनो. हवा गार करताना एसीला स्वतःचंच पाणी सुटतं. ते छतावरून ओघळून खाली पडायला हवं. हॉइटनं तर त्याच्या सगळ्या वाटा बुजवल्या होत्या! बाहेर जाता येईना, म्हणून ते चपट्या पट्टीवरून आत शिरलं.

मग दोघांनी मिळून तो केक खरवडला. हॉइट कण्हत होता. "केवढ्या प्रेमानं लावलं होतं मी!"

"म्हणूनच निघत नाहीये."

एसी उचलला. भोकाच्या एका कोपऱ्यातलं लाकूड कुजलं होतं. व्हेल्मानं तेवढं कापून तिथे नवं, कोरडं लाकूड जोडलं, नवी पट्टी ठेवली आणि आत येऊन बोल्ट आवळले. थोडा हा, मग समोरचा. पट्टी निम्मी दबल्यावर तिनं पाना खाली ठेवला.

"कडेनं जरासं लावू?" हॉइटचा हात खिशाकडे गेला.

"ती नळी इकडे द्या, भाऊजी."

त्याला ओपलच्या पलंगावर उताणं निजवून ती शिडीवरून छतावर पाइपनं पाणी सोडू लागली.

"वहिनी, तोंडावर थेंब पडला तर?"

"तर तोंड मिटा!"

एकही थेंब पडला नाही. मग दिवसभर एसी चालवला. पाणी कडेनं, बाहेर, गवतावर ठिबकत राहिलं. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्या घरात काही गळू लागलं तर वरून लिंपून झाकू नका. उघडून बघा. जुनी वस्तू जरा निगा राखली की नव्यासारखी राबते, हे मी माझ्या छतावरून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेल्मानं पान वाचलं, कॉफी घेतली आणि मला मोटारीमागे जोडलं. मग आत येऊन ओपलच्या गादीवर कोपऱ्या-कोपऱ्यातून तळहात फिरवला, धुतलेली चादर अंथरली. दार हलकेच लोटून ती मोटारीच्या स्टिअरिंगपाशी बसली आणि आम्ही ओपलच्या घराच्या रस्त्याला लागलो.