देवाला वाहिलेलं यंत्र

नफ्यातला थोडा वाटा समाजावर खर्च करा असा कायदा झाला, तेव्हापासून मार्च संपत आला की कंपन्यांना गरिबांचा कळवळा येतो. २०१६च्या मार्चमध्ये तो तलासरी तालुक्यातल्या झरीच्या वरच्या पाड्यावर टेम्पोतून उतरला. पाणी शुद्ध करणारं निळं यंत्र, कपाटाएवढं, त्याला तीन चकचकीत नळ. सोबत कंपनीचे मनिषसाहेब, सहा खुर्च्या आणि एक फोटोवाला.

पुतळीला त्या नळांचं अप्रूप होतं, भरवसा नव्हता. गुडघे गेलेली बाई, रोज खालच्या विहिरीवरून हंडा घेऊन चढण चढायची. दाराशी पाणी आलं असतं तर तिला दुसरं काही नको होतं. पण गंजाडला दिलेली तिची बहीण बायजी सांगून गेली होती, "आमचेकडं पण आलेलं. फोटो काढलं नि सांजचे टेम्पोत घालून नेलं." एकच यंत्र गावोगाव पुण्य करत हिंडत होतं.

पुतळीनं डोकं चालवलं आणि ती पाड्याच्या भगताकडे, म्हणजे तिच्या दिराकडे, बाबल्याकडे गेली. गावदेवाला वाहिलेली वस्तू जागची हलवायची नाही, अशी पाड्याची रीत. जो वाहील त्यानं तिला रोज पाणी घालायचं, बस्स.

मनिषसाहेब रिबीन कापायला निघाले तशी पुतळी पुढे झाली. "साहेब, आमचे रीतीनं पूजा करू का?"

साहेब खुलले. "वा! अगदी खरीखुरी करा. फोटोत सगळं दिसलं पाहिजे."

खरीखुरीच केली. पुतळीनं तांदूळ वाहिले, बाबल्यानं यंत्राला शेंदूर फासला, नारळ फोडला आणि पुतळीनं वाहिलं, आजपासून हे तुझं, असं गावदेवाला ओरडून सांगितलं. साहेबांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण डोळे भरून आले. त्या अख्ख्या कार्यक्रमात दिसलेलं पाणी तेवढंच.

फोटो झाले. टेम्पोवाला पांड्या दोरी घेऊन आला, तसा बाबल्या आडवा झाला. "आता नाय उचलायचं. देवाचं झालं."

"अहो, उद्या दुसरीकडे उद्घाटन आहे याचं!" साहेब बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

पांड्या इथलाच. त्यानं दोरी टाकली आणि कानाला हात लावले. साहेब चडफडत रिकाम्या टेम्पोतून गेले. पुतळीनं गुडघे विसरून भर उन्हात फेर धरला.

मग तिनं नळ फिरवला. हवासुद्धा आली नाही. मागचं झाकण उघडलं, तर आत ना मोटर, ना नळी. पेटी वाऱ्यानं पडू नये म्हणून ठेवलेल्या चार विटा तेवढ्या होत्या.

"भंगारात घालू," तिचा मुलगा मुकेश म्हणाला.

"देवाचं हाय," बाबल्या म्हणाला. विषय संपला.

पुढच्या वर्षी दुसरी कंपनी आली, खरोखरचा सोलर पंप आणि पाईप घेऊन. त्यांच्या चंद्रिकामॅडमनी यंत्र पाहिलं, हातातली यादी पाहिली. "या पाड्याला पाणी मिळालेलं आहे."

"पेटी रिकामी हाय, बाय!" पुतळीनं झाकण उघडून विटा दाखवल्या.

"मग ती इथून हलवा. जागा रिकामी झाल्याचा फोटो पाठवा, मी तुमचं नाव घालते."

हलवा म्हणे! पुतळीनं बाबल्याकडे पाहिलं. बाबल्यानं मान खाली घातली. पंप शेजारच्या पाड्याला गेला. पुतळीला रडू आलं आणि संतापही आला, कंपन्यांचा आला त्याहून जास्त स्वतःच्या हुशारीचा.

हंडा अजून सुटलेला नाही. रोज सकाळी ती विहिरीवरून चढण चढून येते, दम खायला थांबते आणि घरात शिरण्याआधी त्यातलं तांब्याभर पाणी शुद्ध पाण्याच्या यंत्राला घालते.