गॅरंटीतला आवाज

रघुनाथ परबांनी ओली चादर दोन्ही हातांनी जोरात झटकली, दांडीवर टाकली आणि तिच्या कडा एकमेकींवर नीट बसवल्या. उभा जन्म गिरणीत साच्यांवर कापड विणलेल्या माणसाला वाकडं कापड बघवत नाही. घरातले कपडे वाळत घालणं हे आता त्यांचं काम होतं आणि त्यात ते कोणाला हात लावू देत नसत. सून मेघना मैत्रिणींना कौतुकाने सांगायची की आमच्याकडे मशीन थांबते न थांबते तोच सासरे बादली घेऊन हजर असतात.

मशीन मात्र हल्ली फार आवाज करायची. कपडे पिळायला लागली की अशी धडधडायची की लालबागचा त्यांचा नवाकोरा टॉवर मुळापासून हलतोय असं वाटावं. गॅरंटी शनिवारी संपत होती. मेकॅनिकला आत्ताच बोलावून घेऊ, असं मुलगा दीपक म्हणाला, तर रघुनाथांनी साफ मोडता घातला. चाललंय ते बरं चाललंय, उगाच खोलून ठेवतील, म्हणाले. दीपकला हसू आलं. बाबांना गिरणीची आठवण येते, असं त्याने ठरवून टाकलं आणि रघुनाथांनी त्याला तसं समजू दिलं.

खरी गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, रखमाला ठाऊक होती. साच्यांनी रघुनाथांचे कान केव्हाच खाऊन टाकले होते. साचेखात्यातल्या गदारोळात शेजारच्याचं बोलणं ओठांवरूनच ओळखायचं असे. तीच विद्या घरात कामी येत होती, म्हणून कोणाला पत्ता लागला नव्हता. मशीनची शिट्टी त्यांना ऐकू येत नसे. धडधड तेवढी पोचायची, आणि ती थांबली की ते उठायचे. मशीन गप्प झाली तर दर थोड्या वेळाने जाऊन डोकावावं लागेल, मग घरात कळेल, आणि मेघना प्रेमाने बादली हातातून काढून घेईल. त्या प्रेमाचीच त्यांना धास्ती होती.

शुक्रवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मृणालिनी वर आली. तिच्या तान्ह्या बाळाला या आवाजाने झोप लागत नव्हती. मेघना दाराच्या चौकटीला टेकून तिच्याशी बोलत होती आणि हॉलमध्ये पेपर धरून बसलेल्या रघुनाथांना मेघनाचं तोंड नीट दिसत होतं. त्रास होतो हे कळतं, ती म्हणत होती, मशीनची वेळ बदलू हवं तर, पण आवाज राहू दे असं आम्ही ठरवलंय. बाबांची गिरणी गेली ना, त्यांना तेवढाच विरंगुळा. बिचारे.

शेवटचा शब्द त्यांनी तिच्या ओठांवर स्वच्छ वाचला. मृणालिनी त्यांच्याकडे वळून हसली, आजाऱ्याकडे बघून हसावं तशी.

रघुनाथांची कानशिलं तापली. संपाच्या दिवसांत घरात चूल पेटत नव्हती, तेव्हाही त्यांना बिचारा म्हणायची कोणाची छाती नव्हती. आणि आता बिघडलेलं यंत्र मुद्दाम तसंच चालवायचं, खालचं पोर रडवायचं, आणि वर कीव घ्यायची? मेघनाचा मात्र त्यांना राग येईना. ती त्यांच्यासाठीच भांडत होती आणि जोरदार भांडत होती.

स्वयंपाकघराच्या दारातून रखमाने सगळं ऐकलं होतं.

"आता तरी सांगान टाका," ती नुसते ओठ हलवून म्हणाली.

ते उठून दाराशी गेले.

"मेघना, त्या मेकॅनिकाक बोलव. उद्याच."

"पण बाबा, तुम्हाला तो आवाज आवडतो ना?"

"आवडत नाय गो. माका तेवढोच आयकाक येता."

मृणालिनीने नजर खाली वळवली. रघुनाथांनी मान खाली घातली नाही. साच्यांवर गेले माझे कान, काम करता करता गेले, असं त्यांनी दोघींना ठणकावून सांगितलं आणि पुन्हा पेपर उघडला.

शनिवारी मेकॅनिक येऊन मशीन नीट करून गेला. रविवारी सकाळी मेघनाने कपडे टाकले. रघुनाथ हॉलमध्ये बसून राहिले. बराच वेळ गेला तरी काहीच पोचेना.

"थांबली की सांग माका," शेवटी ते म्हणाले. असं कोणाला सांगायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

थोड्या वेळाने मेघना समोर येऊन उभी राहिली आणि झाले कपडे, म्हणाली. त्यांच्याआधी दीपकच लगबगीने उठला. मेघनाने त्याला दंडाला धरून परत खाली बसवलं. ती त्याच्या कानाशी वाकून अगदी हळू बोलली, पण रघुनाथांनी ते हॉलच्या दुसऱ्या टोकावरून वाचलं.

"बस तू. ते बाबांचं खातं आहे."