भिंतीवरच्या दोन रोट्या

दवाखान्याच्या बाकावर बसून मुअज्जम हिशेब करत होती, आणि तो सगळा फायद्याचाच निघत होता. ऑपरेशननं सुनेचं पोट सपाट होईल, रशियात सामाराला विटा रचणारा मुलगा रवशान ते बघून घरी येईल, मार्गिलानच्या ओक्याबोक्या अंगणात पुन्हा पुरुषाचे बूट दिसतील. तिसऱ्या बाळंतपणानंतर झुल्हुमोरचं पोट ओघळलं होतं. "आई, सुनेला म्हणावं कॅमेरा जरा वर धर," असं रवशान फोनवर हसत म्हणाला होता. मग फोनच आटले.

"पूर्ण झोपवू, की कमरेत सुई देऊ?" भूल देणाऱ्या डॉक्टर मख्लियो झुल्हुमोरला विचारत होत्या. "सुईनं खालचं अंग बधिर होतं. वर हलकी गुंगी. श्वास तुझा तू घेशील. मला तर हेच बरं वाटतं."

"मलाही," झुल्हुमोर हळूच म्हणाली. "पूर्ण झोपले आणि उठलेच नाही तर?"

"उठशील गं! रोज हाका मारून उठवावं लागतंच की तुला," मुअज्जम मध्येच म्हणाली. "कमरेत सुई गेली की कंबर कायमची गेली. तंदुरात वाकून रोट्या कोण लावणार? मी?"

"आपा, तसं काही होत नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हे तिनं ठरवायचंय."

झुल्हुमोरनं सासूकडे पाहिलं. "पूर्णच झोपवा," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मुअज्जमनं ताजी रोटी झुल्हुमोरच्या तोंडापुढे धरली. घराबाहेर निघालेल्यानं एक घास तोडायचा, उरलेली रोटी खिळ्याला टांगायची; ती संपवायला माणूस परत येतोच. रवशानची तीन वर्षांपासून टांगलेलीच होती.

"आई, डॉक्टर काही खायचं नाही म्हणाल्यात."

"हे खाणं आहे होय? चाव."

घास कोरड्या घशात अडकला. मुअज्जमनं वाडगाभर दुधाळ चहा पाजला. मग दुसरा खिळा ठोकला.

"काही खाल्लंय का?" मख्लियोंनी ऑपरेशनच्या खोलीच्या दारात विचारलं.

"कालपासून पाण्याचा थेंब नाही," मुअज्जमनं ठणकावलं.

झुल्हुमोरनं तोंड उघडलं आणि मिटलं. चारचौघांत सासूला खोटं पाडणारी सून त्या गल्लीत अजून आली नव्हती.

दुपारी मख्लियो बाहेर आल्या. "झोपेत उलटी झाली. सगळं फुफ्फुसात गेलं. आपा, खरं सांगा, काय दिलं होतं?"

"वाटेचा घास. तो कुणी खाण्यात धरतं का?" मुअज्जम म्हणाली. "अन् चहा. घास उतरावा म्हणून."

श्वास तुझा तू घेशील, हे डॉक्टरांचं बोलणं मुअज्जमनं मनात पुन्हा ऐकलं. झुल्हुमोरनं रात्र काढली नाही.

दफन उरकल्यावर संध्याकाळी रवशान पोचला. अंगणात त्याचे बूट दिसले. मुअज्जमनं त्याची दगड झालेली रोटी उतरवली, चहात भिजवून पुढे ठेवली. तो मान खाली घालून खात राहिला. मुलगा आला, बूट आले, हिशेबातलं सगळं मुअज्जमच्या पदरात पडलं. किंमत भरली ती झुल्हुमोरनं.

दुसऱ्या खिळ्यावरची रोटी अजून पुरती वाळलीही नव्हती.