न घासलेली वीतभर जागा

निपाणीत सनमायकाचं खूळ आलं आणि आम्हा रंगाऱ्यांच्या पोटावर पाय पडला. कपाट फडक्यानं पुसलं की चकचकीत, मग रंगाऱ्याला विचारतो कोण? म्हणून १९८३ साली नेमिनाथ चौगुल्यांनी कपाटाच्या पांढऱ्या सनमायकावर चॉकलेटी ऑइल पेंट मारायला बोलावलं, तेव्हा मला आनंदच झाला.

मग कपाट बघितलं. नव्यासारखं होतं. फक्त दारावर कर्कटकाच्या टोकानं कोरलेलं होतं, ‘राजमती नेमिनाथ चौगुले, दहावी अ’.

राजमती त्यांची एकुलती एक लेक. वर्षापूर्वी शहापूरच्या एका विणकराच्या पोराशी रजिस्टर लग्न करून गेलेली. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव काढायची बंदी होती. नेमिनाथअण्णा तंबाखूचे व्यापारी, एकदा बोलले म्हणजे बोलले. आता दारावरचं नावही त्यांना नको होतं.

अण्णा वखारीला गेले आणि मी पॉलिश पेपर काढला. गुळगुळीत सनमायका रंग धरत नाही. आधी घासून चमक मारायची, सगळीकडं बारीक ओरखडे काढायचे, मगच रंग बसतो. जो हे करत नाही त्याला मी रंगारी म्हणत नाही. वीस वर्षांत माझा रंग कुठं सुटला नव्हता आणि ही गोष्ट मी चारचौघांत सांगतही असे.

नावाजवळ आलो तशी अण्णांची बायको लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून आली आणि तिनं अक्षरांवर पंजा ठेवला.

“परशराम, एवढं घासू नगंस.”

“आक्का, न घासता मारला तर रंग सुटंल. लोकं मला हसतील.”

“सुटू दे की रं. तवर थांबंन मी.” तिचे डोळे भरून आले. “तिचा फोटोबी ठेवला न्हाय त्यांनी. एवढंच हाय बघ माझ्याजवळ.”

मी चिडलो. घरच्या भांडणात माझं काम का बिघडवायचं? पण तिचा हात काही हलेना. शेवटी ती वीतभर जागा तशीच सोडली आणि वरून रंगाचे दोन हात मारले. संध्याकाळी अण्णांनी दार बघितलं. नाव दिसत नव्हतं. “झ्याक,” म्हणाले.

चार महिन्यांनी वखारीतला माणूस निरोप घेऊन आला, मालकांनी ताबडतोब बोलावलंय. मी काय ते समजलो. वाटेत शिव्याही मीच मला घातल्या.

अण्णा कपाटासमोर स्टूल घेऊन बसले होते. बाकी दार चॉकलेटी, घट्ट. तेवढ्या वीतभर जागेतला रंग साय काढावी तसा निघालेला. पण ओरखड्यांत रंग पक्का धरला होता. त्यामुळे पांढऱ्या सनमायकावर नाव चॉकलेटी अक्षरांत उठून दिसत होतं, पहिल्यापेक्षा ठळक. बापाच्या नावासकट.

“अण्णा, चूक माझी. घासून परत मारून देतो, फुकट.” मी पिशवीत हात घातला.

“पेपर ठेव आत,” ते म्हणाले. तेव्हा मला त्यांची नखं दिसली. नखांत चॉकलेटी रंग भरला होता.

“पयल्यांदा कोपरा जरासा उचलला व्हता,” ते दाराकडंच बघत म्हणाले. “म्या नखानं वढला. मग रोज जेवून उठलो की इथं येऊन बसतोय. काल शेवटची वेलांटी मोकळी झाली.”

मी पिशवीचं तोंड बांधलं.

“तू शहापूरला कामाला जातोस न्हवं?”

“व्हय अण्णा.”

“आमची राजमती,” ते म्हणाले. सव्वा-दीड वर्षानं ते नाव त्यांच्या तोंडून आलं आणि आतला भांड्यांचा आवाज थांबला. “कुठल्या गल्लीत ऱ्हाती, ठावं हाय का रं तुला?”