समासातला ‘ह’

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड वही आहे, नाटक कंपनीतल्या प्रॉम्प्टरची. नट वाक्य विसरला की विंगेतून जो माणूस त्याला ते हळूच सांगतो, तो प्रॉम्प्टर. माझ्या पानांवर एक गाजलेलं विनोदी नाटक आहे. एक बहिरे सासरे आणि नावं बदलून त्यांच्या घरात राहणारे दोन जावई. शेवटच्या अंकात कळतं, की सासऱ्यांना पहिल्यापासून सगळं ऐकू येत होतं.

एकतीस वर्षं मी प्रॉम्प्टरच्या हातात काढली. बोटाला थुंकी लावून ते पानं उलटायचे, ते मला मुळीच आवडायचं नाही. पण नट प्रयोगाआधी माझ्या पाया पडायचे, तेव्हा मी फुशारून जायची. मग कंपनी बंद पडली आणि मी कपाटात जुन्या स्वेटरांखाली गेले. कडांना कसर लागली. रस्त्यावर रद्दीवाल्याची हाक आली की मी अंग चोरून घ्यायची.

एके दिवशी प्रॉम्प्टरच्या मुलीने मला बाहेर काढलं. ती नृत्यदिग्दर्शिका. तिला या नाटकाचा दोन तासांचा बॅले करायचा होता. म्हणजे सगळी गोष्ट नाचून सांगायची, तोंडातून अक्षर काढायचं नाही.

“बोलणं काढलंस तर उरेल काय त्यात? कप्पाळ?” प्रॉम्प्टर म्हणाले.

“बघालच तुम्ही,” ती म्हणाली, आणि त्यानंतर तिने त्यांना एका शब्दाने काही विचारलं नाही, त्यांनीही आपणहून काही सांगितलं नाही. खाण तशी माती.

तालमीच्या हॉलमध्ये ती लाल पेन्सिलीने माझी वाक्यं खोडू लागली. भीतीने माझी शिवण सैल झाली. वाक्यंच गेली तर मी रद्दीच की. समासातल्या खुणा मात्र तिने ठेवल्या. त्यात एक खूण पानोपानी होती, ‘ह’.

“ह म्हणजे हळू,” तिने संगीतकाराला सांगितलं. “बाबांनी लय लिहून ठेवलीय.”

झालं, ‘ध’चा ‘मा’ झाला. जावई पलंगाखाली शिरतो, हळू. पकडला जातो, तेही हळू. मला खरं ठाऊक होतं, पण वहीला कुठलं तोंड? रोज ती मला उघडायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. प्रयोगाला आठ दिवस उरले, तेव्हा तालीम बघायला शाळेतली मुलं आली. एकही हसलं नाही.

“यात कोणी वारलंय का?” एका मुलीने विचारलं.

हा बॅले पडला तर तुझा नृत्यसंच बंद करू, असं थिएटरवाल्यांनी दिग्दर्शिकेला बजावलं होतं. चौदा नाचणारी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. संध्याकाळी ती मला घेऊन वडिलांसमोर बसली.

“बाबा, तुमच्या नाटकाला हसू का येत नाही हो? जिथं ह आहे, तिथं हळूच नाचतोय आम्ही.”

त्यांनी चष्मा लावला. “हळू? अगं, ह म्हणजे हशा! इथं लोक हसतात. तेव्हा नटाने थांबायचं. हशावर बोललं की हशाही जातो आणि वाक्यही जातं.”

दुसऱ्या दिवशी सगळे वाऱ्यासारखे नाचले आणि प्रत्येक ‘ह’ला जागच्या जागी थिजले. बासरीवाल्याला इतकं हसू आलं, की त्याची फुंकच चुकली. तेव्हापासून प्रॉम्प्टर रोज तालमीला येऊन बसतात. ती एकेका खुणेवर बोट ठेवते आणि ते सांगतात. मला वाटलं, संपली एकदाची काळजी.

काल शेवटचा अंक निघाला. सासरे सगळं ऐकत होते हे जिथं उघड होतं, त्या ओळीशेजारी एक लहानसं वर्तुळ आहे. प्रॉम्प्टरनी चष्मा पुसला आणि मला डोळ्यांजवळ नेलं.

“हे मीच काढलंय?”

“हो, बाबा.”

“आठवत नाही गं.”

“असू दे,” ती म्हणाली. तिने तिथं दोन उंच उड्या घातल्या आणि तुताऱ्या वाजवायला सांगितल्या.

मला आठवतं. तिथं अख्खं थिएटर गप्प व्हायचं. हसून दमलेली माणसं सासऱ्यांकडे नुसती बघत राहायची आणि विंगेत प्रॉम्प्टर डोळे पुसायचे. त्या शांततेला कोणी हात लावू नये, म्हणून ते वर्तुळ.

मित्रांनो, आम्हा जुन्या वह्यांना जपा, कसर लागू देऊ नका. पण तेवढ्याने भागत नाही. आमच्यातलं ज्यांना वाचता येतं, त्यांना वेळेवर विचारा, रुसवेफुगवे मग काढा. परवा पहिला प्रयोग आहे. प्रॉम्प्टर पहिल्या रांगेत बसतील, आणि त्या तुताऱ्या वाजल्या की तेही टाळ्या वाजवतील. मला त्याचीच फार भीती वाटते.